युगांडाहून आलेला हिवताप आणि दिवस शून्याची काचपट्टी : पुण्यातील एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि तपासण्यांचा क्रम प्रत्यक्षात होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ३८ वर्षांचा, वजन ६४ किलो, राहणार सिंहगड रस्ता परिसर. कॉम्प्रेसर बसवणे आणि दुरुस्त करणे हे त्याचे काम. कंपनीने त्याला उत्तर युगांडातल्या एका प्रकल्पावर पाठवले होते. ऑगस्टच्या मध्याला तो मुंबईमार्गे पुण्यात परतला आणि अकरा दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप आला.

पुण्यात पावसाळ्यातल्या तापाची पहिली शंका डेंग्यूवर जाते. जवळच्या दवाखान्यात एनएस-१ तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. प्लेटलेट ७२,००० वर आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मलेरियाचे रॅपिड कार्ड लावले तेव्हा फॅल्सिपेरमची (मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीची) रेघ उमटली आणि रुग्णाला एका खाजगी रुग्णालयात दाखल केले.

तिथे जाड थेंबाची काचपट्टी नीट तपासली गेली. १०५ पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत ५०० परजीवी भरले. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ८,००० धरण्याच्या प्रचलित पद्धतीने ही घनता सुमारे ३८,००० येते. शुद्ध हरपणे, कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे यांपैकी काहीही नव्हते. गुंतागुंत नसलेला फॅल्सिपेरम मलेरिया असे निदान झाले. हा दिवस शून्य.

महाराष्ट्रात या निदानासाठी ठरलेला उपचार म्हणजे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन यांची जोडी. प्रौढाच्या पाकिटाप्रमाणे आर्टेसुनेट रोज २०० मि.ग्रॅ. तीन दिवस आणि पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन १,५०० मि.ग्रॅ. व पायरीमेथामिन ७५ मि.ग्रॅ. दिले गेले. ६४ किलोच्या माणसाला हे आर्टेसुनेट किलोमागे ३.१ मि.ग्रॅ. पडते. मात्रा थोडी हलकी असली तरी मान्य मर्यादेत आहे, त्यामुळे पुढे जे झाले त्याचा दोष मात्रेवर टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस द्यायचा असतो, डासांमार्फत होणारा प्रसार थांबवण्यासाठी. जी-६-पीडीचा (हे विकर कमी असलेल्यांत प्रायमाक्विनने लाल पेशी फुटू शकतात) अहवाल यायचा म्हणून तो थांबवला आणि नंतर राहूनच गेला.

अडचण

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ७२ तासांच्या काचपट्टीवर ५०० पांढऱ्या पेशींमागे ४ परजीवी दिसले, म्हणजे मायक्रोलिटरमागे ६४. प्रयोगशाळेने अहवालात 'अत्यल्प' असे लिहिले. रुग्णाला बरे वाटत होते. 'ताप आला तर या' असे सांगून त्याला घरी सोडले.

अठराव्या दिवशी पुन्हा ताप आला. जवळच्या दवाखान्यात रॅपिड कार्ड पॉझिटिव्ह आले. हे कार्ड एचआरपी-२ हे प्रथिन शोधते आणि परजीवी मेल्यानंतरही ते प्रथिन कित्येक आठवडे रक्तात राहते. डॉक्टरांना हे माहीत होते, म्हणून 'जुन्या आजाराची रेघ आहे' असा अर्थ लावून त्यांनी पॅरासिटामॉल दिले. रेघेबद्दलची माहिती बरोबर होती, पण ती रेघ जुनी की नवी हे कार्ड सांगूच शकत नाही. त्यासाठी काचपट्टीच लागते. ती विसाव्या दिवशी झाली आणि घनता ९,४०० निघाली. सोबत केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइटही, म्हणजे डासाला संसर्ग देणारी परजीवीची अवस्थाही, होते. मधले दोन दिवस वाया गेले.

उपचारानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत ताप आणि परजीवी दोन्ही परत येणे याला उशिराने आलेले उपचार-अपयश म्हणतात. तिसऱ्या दिवशीचे प्रमाण सुरुवातीच्या एक टक्क्याहूनही कमी होते आणि ताप नव्हता, म्हणून सुरुवातीचे अपयश म्हणण्याच्या कसोटीत ते बसले नव्हते.

युगांडाचा उल्लेख या टप्प्यावर पहिल्यांदा झाला. घरच्यांशी बोलताना पत्नीने युगांडाला जाण्याआधी घेतलेल्या पिवळ्या तापाच्या लसीचा विषय काढला. पहिल्या दोन्ही ठिकाणी 'गेल्या आठवड्यात बाहेरगावी गेला होतात का?' असे विचारले होते आणि रुग्णाने खरे तेच, 'नाही' असे उत्तर दिले होते. फॅल्सिपेरम शरीरात शिरल्यावर ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. गेल्या आठवड्याचा प्रश्न नेमका तो काळ वगळतो.

युगांडाने काय बदलते

आर्टेसुनेट रक्तात काही तासच टिकते. तीन दिवसांचा कोर्स परजीवीची ४८ तासांची दीडेक फेरी पकडतो, घनता हजारो पटींनी खाली आणतो, पण शेवटचे उरलेले परजीवी मारण्याचे काम जोडीदार औषधाचे असते. जोडीदार निकामी असेल तर रुग्ण चार दिवसांत ठणठणीत दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांनी परत आजारी पडतो. या रुग्णाच्या बाबतीत तसेच घडले.

सल्फाडॉक्सिन आणि पायरीमेथामिन परजीवीच्या फोलेट बनवण्याच्या साखळीतली दोन वेगवेगळी विकरे अडवतात. पायरीमेथामिन डीएचएफआरला चिकटते, सल्फाडॉक्सिन डीएचपीएसला. डीएचएफआर जनुकात १०८ व्या जागी सेरिनऐवजी अ‍ॅस्परॅजिन आले की पायरीमेथामिनची पकड सैल होते. ५१ आणि ५९ या जागांवरचे बदल ती आणखी सैल करतात. डीएचपीएसमध्ये ४३७ आणि ५४० या जागांचे बदल सल्फाडॉक्सिनबाबत तेच करतात. भारताच्या बहुतेक भागांत डीएचएफआरचे दोन बदल, ५९ आणि १०८, प्रामुख्याने दिसतात आणि तिथे ही जोडी अजून चालते. ईशान्येत ती चालेनाशी झाली म्हणून २०१३ साली तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणले गेले. पूर्व आफ्रिकेत तर पाचही बदल एकत्र असलेला परजीवी सर्रास सापडतो.

त्यावर आर्टेमिसिनिनचा, म्हणजे आर्टेसुनेट ज्या गटातले त्या औषधांचा, प्रश्न वेगळा. केल्च-१३ जनुकातल्या बदलांचा आर्टेमिसिनिनशी असलेला संबंध २०१४ साली कंबोडियातल्या परजीवींवरून उघड झाला. त्यानंतर रवांडात ५६१ या जागेचा आणि उत्तर युगांडात ४६९ व ६७५ या जागांचे बदल पसरलेले आढळले. केल्च-१३ प्रथिन कोवळ्या रिंग अवस्थेत परजीवीला लाल पेशीतले हिमोग्लोबिन आत ओढायला मदत करते. ते हिमोग्लोबिन पचताना सुटणाऱ्या हीममुळेच आर्टेमिसिनिन सक्रिय होते. केल्च-१३ कमी पडले की हिमोग्लोबिन कमी आत येते, औषध कमी सक्रिय होते आणि कोवळ्या रिंग तग धरतात. हा रोध, म्हणजे औषधाला दाद न देणे, अर्धवट आहे. जोडीदार औषध दमदार असेल तर रुग्ण तरीही बरा होतो, फक्त परजीवी साफ व्हायला वेळ जास्त लागतो.

म्हणजे उत्तर युगांडाहून आलेल्या रुग्णाला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देणे म्हणजे एक निकामी आणि एक अर्धवट निकामी झालेले औषध देणे ठरू शकते. प्रवास माहीत असता तर ही जोडी पहिल्या दिवशीच टाळता आली असती. त्यासाठी जनुकीय तपासणीची काही गरज नव्हती.

कोणते पर्याय तोलले

विसाव्या दिवशी रुग्ण दाखल झाला. गंभीर मलेरियाचे लक्षण नव्हते. तीच जोडी पुन्हा देणे लगेच बाद झाले. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अशा वेळी दुसरी आर्टेमिसिनिन-जोडी किंवा डॉक्सिसायक्लिनसह क्विनाइन सांगतात.

क्विनाइन किलोमागे १० मि.ग्रॅ. दर आठ तासांनी सात दिवस, सोबत डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा सात दिवस. केल्च-१३ चा या जोडीवर परिणाम होत नाही, हा तिचा मोठा गुण. पण कानात घणघण, मळमळ, रक्तातली साखर घसरणे यांमुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्या चुकू लागतात आणि अर्धवट क्विनाइन म्हणजे दुसरे अपयश. रुग्णाला पूर्ण आठवडा रुग्णालयात ठेवायची तयारी असेल तरच हा पर्याय खरा.

आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन सहज मिळणारे होते. ल्युमेफँट्रिन फोलेटच्या साखळीशी संबंधित नाही, त्यामुळे डीएचएफआर-डीएचपीएसचे बदल त्याच्या आड येत नाहीत. शंका होती ती आर्टेमेथरच्या भागाबद्दल. केल्च-१३ बदललेला असेल तर ल्युमेफँट्रिनवर नेहमीपेक्षा जास्त ओझे येणार होते. अर्टेरोलेन-पायपेराक्विनचाही विचार झाला, पण अर्टेरोलेनही हीमनेच सक्रिय होणारे, त्याच पेरॉक्साइड जातीचे औषध असल्याने केल्च-१३ च्या शंकेत त्याने फारसे वेगळे काही दिले नसते. शिरेवाटे आर्टेसुनेट गंभीर रुग्णासाठी राखून ठेवले.

निवड आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनची झाली, दोन अटींवर : प्रत्येक डोस परिचारिकेसमोर, स्निग्ध पदार्थासोबत घ्यायचा आणि रोज काचपट्टी करायची. तिसऱ्या दिवशी घनता पहिल्या उपचारासारखीच रेंगाळलेली दिसली किंवा ताप राहिला, तर ईसीजी पाहून क्विनाइन-डॉक्सिसायक्लिनकडे वळायचे. आमच्या मते ही निवड समर्थनीय होती, पण क्विनाइन-डॉक्सिसायक्लिन निवडणाऱ्याला चूक ठरवता येणार नाही.

काय केले

ईसीजी घेऊन क्यूटी अंतर (हृदयाच्या ठोक्याचे एक माप, जे काही औषधांनी लांबते) तपासले. २०/१२० मि.ग्रॅ.च्या ४ गोळ्या ०, ८, २४, ३६, ४८ आणि ६० तासांनी दिल्या. ल्युमेफँट्रिन रिकाम्या पोटी फार कमी शोषले जाते. तापात रुग्ण पेज आणि बिस्किटांवर असतो, आणि तिथेच हे औषध फसते. म्हणून प्रत्येक डोसबरोबर कपभर साय न काढलेले दूध किंवा तूप घातलेला मऊ भात दिला. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा असे केसपेपरवर लिहिले होते, पण तशी वेळ आली नाही. जी-६-पीडी सामान्य असल्याचा अहवाल आता हातात होता, म्हणून प्रायमाक्विन ४५ मि.ग्रॅ. दिले.

घनता अशी उतरली : सुरुवातीला ९,४००, २४ तासांनी १,१२०, ४८ तासांनी १२०, ७२ तासांनी ५०० पांढऱ्या पेशींमागे १ परजीवी, म्हणजे १६. ९६ तासांनी काचपट्टी स्वच्छ. यावरून घनता निम्मी व्हायला सात-आठ तास लागत होते असे ढोबळपणे म्हणता येते. पाच तासांहून जास्त अर्धायु मंद मानले जाते. पण चोवीस तासांच्या अंतराने घेतलेल्या बिंदूंवर पक्का आकडा काढता येत नाही. त्यासाठी दर सहा तासांनी काचपट्टी लागते. तिसऱ्या दिवशी ताप नव्हता आणि घसरण सुरू होती, म्हणून औषध बदलले नाही.

महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाला कळवले. रुग्णाच्या रक्तात गॅमेटोसाइट होते आणि शेजारी बांधकाम चालू होते. लिफ्टच्या खड्ड्यात, सिमेंटच्या टाक्यांत पाणी साठलेले. शहरी मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सायला अशाच जागा लागतात. टाक्या रिकाम्या केल्या, उपसता न येणाऱ्या पाण्यात गप्पी मासे सोडले आणि आसपासच्या रहिवाशांचे व मजुरांचे रक्तनमुने घेतले. त्यात कुणी बाधित आढळले नाही.

जनुकीय तपासणी

विसाव्या दिवशीचे रक्त ईडीटीए नळीत, औषध सुरू होण्याआधी घेतले होते. हेपारिनच्या नळीत घेतले असते तर अडचण आली असती, कारण हेपारिन पीसीआर रोखते. प्रश्न दिवस शून्याच्या नमुन्याचा होता. त्या दिवसाची नळी प्रयोगशाळेने नियमाप्रमाणे टाकून दिली होती.

त्याच्याशिवाय दोन गोष्टी कळत नाहीत. विसाव्या दिवशीचा परजीवी तोच जुना की नव्या डासाचा, हे एक. दुसरी गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची : औषध न चालण्याचा गुण आधीपासून होता की उपचारात निर्माण झाला. गोळ्या वेळेवर घेतल्या नसतील, असे त्याला घरी आणि दवाखान्यातही ऐकवले गेले होते.

पहिल्या रुग्णालयाने पॉझिटिव्ह काचपट्टी जपून ठेवली होती. रंगवलेल्या जाड थेंबातूनही डीएनए काढता येतो. काचपट्टीवरचे तेल झायलिनने काढले, वाळलेला थेंब निर्जंतुक पात्याने खरवडला आणि स्तंभ-पद्धतीने डीएनए वेगळा केला. असा डीएनए तुकड्या-तुकड्यांचा असतो. केल्च-१३ चा पंख्याच्या पात्यांसारखा भाग साधारण ८५० बेसच्या एकाच तुकड्यात वाढवण्याची नेहमीची पद्धत इथे फसली. मग तोच भाग एकमेकांवर चढणाऱ्या छोट्या तुकड्यांत वाढवला, तेव्हा पट्टी दिसली. प्रत्येक फेरीत परजीवी नसलेल्या रक्ताची रिकामी काचपट्टीही त्याच वाटेने नेली. दोन फेऱ्यांच्या पीसीआरमध्ये एका नळीतून दुसरीत थेंब उडाला तरी खोटा निकाल येतो आणि अशी रिकामी पट्टीच तो पकडते.

ओळख पटवण्यासाठी एमएसपी-१, एमएसपी-२ आणि एक मायक्रोसॅटेलाइट असे तीन खुणेचे भाग घेतले. पहिले दोन दोन्ही दिवसांत जुळले. तिसरा काचपट्टीच्या डीएनएवर चाललाच नाही. नियमाने पाहिले तर तिन्ही जुळल्याशिवाय 'तोच परजीवी' असा शिक्का मारता येत नाही. पण रुग्ण या काळात पुण्याबाहेर गेला नव्हता, आसपास कुणी बाधित नव्हते आणि रोधाच्या खुणाही दोन्ही नमुन्यांत सारख्याच निघाल्या. जुनाच परजीवी उलटला, हा निष्कर्ष त्यावरून काढला.

दोन्ही नमुन्यांत केल्च-१३ च्या ६७५ व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन होते. डीएचएफआरमध्ये ५१, ५९ आणि १०८, डीएचपीएसमध्ये ४३७ आणि ५४० असे पाचही बदल होते. आलेखात कुठेही दुहेरी शिखर नव्हते, म्हणजे निदान या पद्धतीला दिसेल इतका मिश्र संसर्ग नव्हता. पहिली गोळी पोटात जाण्याआधीच्या थेंबात हे सगळे बदल होते. रुग्णाने गोळ्या चुकवून हा परजीवी तयार केला नव्हता. हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

क्लोरोक्विनशी संबंधित पीएफसीआरटी जनुकात मात्र ७६ वी जागा मूळ रूपात होती. अशी ओळ वाचून 'मग क्लोरोक्विनच द्यायचे होते' असे कुणी म्हणू शकते. तसे करू नये. क्लोरोक्विनचा वापर थांबला की मूळ रूपाचा परजीवी परत वाढतो, मलावीने १९९३ साली ते थांबवल्यावर तसेच झाले. पण एका रुग्णातली एक मूळ खूण म्हणजे एकट्या क्लोरोक्विनवर फॅल्सिपेरम सोडण्याचा परवाना नाही. शिवाय ल्युमेफँट्रिन वापरात असलेल्या भागात पीएफसीआरटी ७६ आणि पीएफएमडीआर-१ या दुसऱ्या जनुकातली ८६ या जागांची मूळ रूपेच टिकून राहतात. एका औषधासाठी चांगली दिसणारी खूण दुसऱ्यासाठी सावधगिरीची असते.

निष्पत्ती

सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि खबरदारी म्हणून बेचाळिसाव्या दिवशी काचपट्टी स्वच्छ होती. जनुकीय अहवाल हातात आला तेव्हा रुग्ण बरा होऊन कामावर रुजू झाला होता. ज्या रुग्णाचा नमुना, त्याच्या उपचारासाठी हा अहवाल बहुतेकदा उशिराच येतो. त्याचा उपयोग पुढच्या रुग्णासाठी आणि औषध-धोरणासाठी.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा प्रश्नाची. 'गेल्या वर्षभरात महाराष्ट्राबाहेर किंवा देशाबाहेर राहिला होतात का, कुठे?' एवढे दाखल करतानाच्या कागदावर छापून ठेवावे. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड किंवा ईशान्येतून पुण्याच्या बांधकामांवर येणाऱ्या मजुरांसाठीही हाच प्रश्न उपयोगी आहे.

७२ तासांच्या काचपट्टीवरचे 'अत्यल्प' आकड्यात लिहायला हवे होते. एका रुग्णात तिसऱ्या दिवशी परजीवी दिसणे हा रोधाचा पुरावा होत नाही, सुरुवातीची घनता जास्त असली तरी तसे होते. पण ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी बोलावण्यासाठी ते पुरेसे कारण आहे. सातव्या किंवा चौदाव्या दिवशी बोलावले असते तर परतलेला परजीवी ताप यायच्या आधी सापडण्याची शक्यता होती.

प्रायमाक्विन जी-६-पीडीसाठी अडवायला नको होते. फॅल्सिपेरममधला एकमेव डोस राष्ट्रीय सूचनांप्रमाणे त्या तपासणीशिवायही देता येतो. गर्भवती आणि तान्ही बाळे वगळायची. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात दिल्या जाणाऱ्या चौदा दिवसांच्या कोर्सची काळजी इथे लागू केली गेली. परिणामी रुग्ण तीन आठवडे डासांना परजीवी पुरवू शकेल अशा स्थितीत राहिला.

दुसऱ्या दाखल्यात सहा-सहा तासांनी काचपट्टी घेतली असती तर केल्च-१३ च्या निकालाला घनता घटण्याच्या वेगाची भक्कम जोड मिळाली असती. मनुष्यबळ नव्हते हे खरे, पण पहिले दोन दिवस तरी जमले असते.

आणि दिवस शून्याचा नमुना. फॅल्सिपेरम निघाला की पहिल्या गोळीआधी गाळण-कागदावर रक्ताचे तीन ठिपके, प्रत्येकी साधारण ५० मायक्रोलिटर. कागदावर तारीख, वेळ आणि केस क्रमांक पेन्सिलीने लिहावा, कारण शाई अल्कोहोलने पसरते. सावलीत तीन-चार तास वाळवावे, हेअर ड्रायर किंवा ऊन लावू नये. पुण्याच्या पावसाळी हवेत वरून कोरडा दिसणारा ठिपका आतून ओला राहतो आणि पिशवीत बुरशी धरतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर रात्रभर वाळू द्यावा. मग प्रत्येक कागद वेगळ्या झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह. पुडीचा रंग बदलला की ती बदलावी. ठिपका कापायची कात्री प्रत्येक नमुन्यानंतर अल्कोहोलने पुसून रिकाम्या कागदावर दोनदा चालवावी. हे सगळे शक्य नसेल तर निदान रंगवलेली काचपट्टी आणि वापरलेले रॅपिड कार्ड अठ्ठावीस दिवस कचऱ्यात टाकू नये. कार्डाच्या पट्टीतूनही डीएनए निघतो.